एसीतला गॅस ‘उडत’ नाही: लीक शोधायची सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात खाडीच्या अंगाला घर, मागून नाला जातो. दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, आर-३२ गॅसचा. चौथ्या उन्हाळ्यात कूलिंग गेलं म्हणून गॅस भरला, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच, आणि यंदा तिसऱ्यांदा. पहिल्या मेकॅनिकने साबणाचं पाणी लावलं आणि “लीक कुठेच नाही, थोडाफार गॅस उडतोच” म्हणाला. दुसरा लीक डिटेक्टर घेऊन आला, तो सगळीकडेच वाजत राहिला. तिसरा काहीही न तपासता कॉइल बदला म्हणतो. यातलं कोणाचं ऐकायचं, आणि लीक शोधायची भरवशाची पद्धत कोणती?

पहिल्याचं म्हणणं आधी बाजूला करू. एसीतला गॅस खर्च होत नाही. आउटडोअरच्या पट्टीवर जेवढं वजन छापलेलं असतं (या मापाच्या आर-३२ मशीनला बहुधा ७०० ग्रॅम ते १ किलोच्या आसपास), तेवढाच गॅस कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर असा फिरत राहतो. कमी झाला म्हणजे बाहेर गेला, दुसरा अर्थ नाही. मूळच्या गॅसवर दहा-पंधरा वर्षं चाललेले विंडो एसी आजही दिसतात. ‘उडण्या’त तथ्य असेल तर एवढंच, की दर सर्व्हिसला गेज (प्रेशर दाखवणारा काटा) लावून प्रेशर बघायची जी सवय पडली आहे, तिच्यात प्रत्येक वेळी होजमधून थोडा गॅस जातो आणि पिन व्हॉल्व्हचं (गेज लावायच्या तोंडातल्या छोट्या व्हॉल्व्हचं) रबर खराब होतं. चालू, थंड करणाऱ्या मशीनला गेज लावू देऊ नका. टोपी तशीच घट्ट राहू द्या.

लीक शोधताना मी तीन प्रश्न ओळीने घेतो. गॅस खरंच कमी आहे का? असेल तर मशीनच्या कोणत्या भागातून जातोय? आणि त्या भागात नेमका कुठून? बहुतेक जण पहिले दोन गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारतात. मग साबणालाही काही सापडत नाही आणि डिटेक्टरलाही.

कूलिंग कमी म्हणजे गॅस कमी, असं समीकरण नसतं. फिल्टर आणि ब्लोअर धुळीने भरले की हवा कमी जाते आणि कॉइलवर बर्फ धरतो. कमी गॅसनेही बर्फ धरतो, पण वेगळ्या जागी. हवा कमी असेल तर बर्फ साधारण पूर्ण कॉइलभर पसरतो आणि इनडोअर-आउटडोअर जोडणाऱ्या दोन पाइपांपैकी जाड पाइपापर्यंत येतो. गॅस कमी असेल तर आउटडोअरच्या बारीक पाइपावर पांढरा हिव दिसतो, कॉइलचा सुरुवातीचा भाग गोठतो, उरलेली कॉइल मात्र कोरडी आणि जाड पाइपही कोरडा. इन्व्हर्टर मशीन हे बरेच दिवस लपवतं, कारण गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर जोरात फिरून भरपाई करतो. घरातल्यांना फरक कळतो तोवर निम्मा गॅस गेलेला असू शकतो. म्हणून “परवापर्यंत छान चालत होता” या वाक्यावर मी फारसा विसंबत नाही.

गेजचंही असंच. मशीन बंद करून तासभर थांबलं आणि गेज लावला, तर आतलं प्रेशर बाहेरच्या तापमानावर ठरतं. ३० अंशाला आर-३२ चं प्रेशर सुमारे २६५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) असतं, आर-४१०ए चं २५८ च्या आसपास, जुन्या आर-२२ चं १५८. आत २०० ग्रॅम असो की ८००, थोडा जरी द्रव शिल्लक असेल तर काटा तिथेच उभा राहतो. काटा या आकड्याच्या बराच खाली असेल तर आतला द्रव संपलाय, म्हणजे मशीन जवळपास रिकामं आहे, एवढं नक्की. काटा जागेवर असेल तर गॅस पुरेसा आहे असं मात्र सिद्ध होत नाही. किती उरलाय हे खात्रीने सांगणारी पद्धत एकच: रिकव्हरी मशीनने सगळा गॅस बाटलीत काढायचा आणि वजनकाट्यावर ठेवायचा. भरतानाही वजनानेच भरायचा. “प्रेशर बघून मारतो” म्हणणाऱ्याला इन्व्हर्टर मशीनपासून लांब ठेवलेलं बरं, कारण तिथे प्रेशर कॉम्प्रेसरच्या वेगाबरोबर बदलत असतं.

आता डोळ्यांनी बघायचं काम. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं फिरत असतं आणि लीकच्या जागी तेच बाहेर झिरपतं. त्यावर धूळ बसते आणि काळपट, चिकट डाग होतो. हात लावायच्या आधी बॅटरी घेऊन दोन्ही फ्लेअर नट (पाइपाचं टोक तुतारीसारखं पसरवून, म्हणजे फ्लेअर करून, जोडणारे नट), आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह, कॉइलचे यू-बेंड (नळ्या जोडणारे वाकलेले तुकडे) आणि पाइप जिथे पत्र्याला किंवा दुसऱ्या पाइपाला घासतो ती जागा बघून घ्या. पांढरा टिश्यू पेपर फिरवला तर तेल लगेच दिसतं. सर्व्हिस पोर्टजवळच्या (गेज लावायच्या तोंडाजवळच्या) तेलावर मात्र घाईने निकाल देऊ नका. आधीच्या माणसाने होज काढताना सांडलेलं तेही असतं. पुसून ठेवायचं आणि आठवड्याने पुन्हा बघायचं.

स्प्लिटमध्ये सगळ्यात जास्त लीक मी फ्लेअरवर पाहिले आहेत. तांब्याचा पाइप कापल्यावर आतली धार रीमरने काढली नाही, फ्लेअर वाकडा झाला, तेलाचा थेंब न लावता कोरडाच नट आवळला, किंवा ताकद लावून इतका आवळला की फ्लेअरचा कडेचा भाग पातळ होऊन चिरला. पाव इंची नटाला साधारण १५ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात आणि ३/८ इंचीला ३५ ते ४०. टॉर्कचा पाना फार कोणाकडे नसतो. मोठा पाना घेऊन ‘अजून एक वेढा’ देणारे मात्र सगळीकडे भेटतात.

साबणाचं पाणी ही आजही उत्तम पद्धत आहे, पण ती थांबून बघायची पद्धत आहे. भांडी घासायचं द्रव किंवा शॅम्पू थोड्या पाण्यात, जमलं तर दोन थेंब ग्लिसरीन, म्हणजे फेस लवकर वाळत नाही. कपड्यांची पावडर नको, ती धातूला चांगली नाही. अमोनिया असलेला क्लीनर तर अजिबात नको, त्याने पितळी नटाला तडे जातात. ब्रशने हलकेच लावायचं, म्हणजे लावतानाच फेस होत नाही. मोठा लीक लगेच बुडबुडा फुगवतो. बारीक लीकला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि मग बुडबुडा न दिसता नटाच्या कडेला रव्यासारख्या बारीक कणांचा पांढरा फेस साचतो. तुमच्या पहिल्या मेकॅनिकने पाणी लावून किती वेळ वाट पाहिली, हे आठवून बघा. पाइपाची मागची बाजू आरशात बघायची. मशीन बंद ठेवायचं. आणि मुख्य म्हणजे आत प्रेशर हवं. जवळपास रिकाम्या मशीनला साबण लावण्यात अर्थ नाही. तसंच घडी घातलेल्या कॉइलच्या पोटातली, फिनच्या (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या) आतली जागा साबणाला पोहोचतच नाही. म्हणजे पहिल्या मेकॅनिकला काही सापडलं नाही, एवढंच खरं. लीक नाही, हे त्यातून निघत नाही.

डिटेक्टरचं थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. बाजारात मुख्यतः दोन जाती दिसतात. गरम सेन्सरवाले, ज्यांना गॅसमधले क्लोरीन-फ्लोरीनचे अणू कळतात, आणि इन्फ्रारेडवाले, जे गॅसने शोषलेला प्रकाश मोजतात. चांगल्या यंत्राला वर्षाला ३ ग्रॅमइतका बारीक लीकही कळतो. एवढी तिखट नाक असलेली वस्तू चुकीच्या खोलीत नेली तर ती वाजणारच. तुमच्याकडे बहुधा असं झालं: आधी गेज लावताना किंवा नट सैल करताना खोलीत गॅस सुटला, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि त्याच हवेत यंत्र चालू केलं. त्यात डिओडरंट, फिनेल, ताजा रंग, भिंतीतलं भोक बुजवायला वापरलेला फोम, यांनाही काही सेन्सर दाद देतात. यंत्र बाहेर मोकळ्या हवेत सुरू करायचं, शून्यावर येऊ द्यायचं, खोलीत वारा खेळवून मग सगळं बंद करायचं, आणि तेव्हा शोधायला लागायचं.

टोक पाइपापासून चार-पाच मिलीमीटरवर धरायचं आणि सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगाने न्यायचं नाही. हे गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरतात, म्हणून प्रत्येक जोडाच्या खालच्या बाजूला शोधायचं. वाजलं की मागे घ्यायचं, शांत होऊ द्यायचं, दुसऱ्या दिशेने पुन्हा त्याच जागी यायचं. सलग तीनदा तिथेच वाजलं तर जागा खरी, आणि मग तिथे साबण लावून डोळ्यांनी खात्री करायची. क्रम उलटा नको, कारण ओल्या साबणात टोक बुडालं तर सेन्सर गेला. इन्फ्रारेड यंत्राला हवेत होणारा बदल कळतो, एका जागी धरून ठेवलं तर ते गप्प होतं, म्हणून हात हलता हवा. आउटडोअर गॅलरीत वाऱ्यात असेल तर जोडाभोवती प्लास्टिकची पिशवी सैल बांधून दहा मिनिटांनी तळाला बारीक भोक पाडून तिथे टोक धरायचं. आणि जुनं, आर-२२ च्या काळातलं यंत्र आर-३२ ला मंद प्रतिसाद देऊ शकतं. यंत्रावर किंवा पुस्तिकेत आर-३२ लिहिलंय का, हे मेकॅनिकला बिनदिक्कत विचारा.

इनडोअर कॉइलचा संशय असेल तर एक सोपी युक्ती आहे. एसी बंद करून खोली पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवायची, मग पुढचा पॅनल उघडून ट्रेच्या आणि ड्रेन पाइपाच्या तोंडाशी टोक धरायचं. कॉइलमधून झिरपलेला जड गॅस तिथेच साचतो. गाडीच्या एसीतही इव्हॅपोरेटर, म्हणजे कूलिंग कॉइल, डॅशबोर्डच्या आत असतो, तेव्हा तो न उघडता खालच्या ड्रेनच्या नळीशी असंच बघतात.

हे सगळं करूनही हाती काही लागलं नाही, किंवा यंत्र कॉइलकडे बोट दाखवतंय पण खात्री नाही, तर नायट्रोजन: तो दाबाने आत भरायचा आणि प्रेशर पडतंय का बघायचं. माझ्या मते नायट्रोजनची टाकी न आणता लीक शोधायला आलेला माणूस अर्ध्या तयारीने आला आहे. स्प्लिटचं एक सुख असं, की तिचे भाग वेगळे करता येतात, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं.

आत गॅस बऱ्यापैकी असेल तर आधी पंप डाउन: मशीन सक्तीच्या कूलिंग मोडवर चालवायचं, बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गॅस आउटडोअरमध्ये ओढला गेला की जाड पाइपाचा बंद करून मशीन लगेच थांबवायचं. मशीन जवळपास रिकामं असेल किंवा पाइप कुठे उघडा असेल तर पंप डाउन करायचा नाही. कॉम्प्रेसर हवा ओढतो. हवा, तेल आणि गॅस एकत्र दाबले गेले की तो फुटू शकतो. असे अपघात झालेले आहेत. रिकाम्या मशीनला गॅस रिकव्हर करून थेट नायट्रोजन लावायचा.

पंप डाउननंतर जाड व्हॉल्व्हवरचा सर्व्हिस पोर्ट फक्त पाइप आणि इनडोअरशी जोडलेला राहतो. तिथून रेग्युलेटर लावून नायट्रोजन सोडायचा. टाकीत दोन हजार पीएसआयच्या वर प्रेशर असतं, म्हणून रेग्युलेटरशिवाय नायट्रोजन कधीच नाही. आधी ५० पीएसआय, मोठा लीक असेल तर इथेच ऐकू येतो. मग १५०, पाच मिनिटं थांबून ३०० च्या पुढे. मशीनच्या पट्टीवर लो साइड (कमी दाबाची बाजू) आणि हाय साइडची (जास्त दाबाची) कमाल मर्यादा छापलेली असते, तिच्यावर जायचं नाही. मग टाकी बंद करून होज काढायचा, नाहीतर होजच्या वॉशरमधला लीक मशीनच्या नावावर जातो.

आता वाट बघायची, आणि ती बघताना तापमान लिहून ठेवायचं. दुपारी ३४ अंशाला ३०० पीएसआय भरलं आणि पहाटे २४ अंश झालं, तर कसलाही लीक नसताना काटा २९० वर येतो. १० अंशाला १० पीएसआय, असं या प्रेशरला ढोबळ गणित धरा. काटा २९० वर असेल तर लीक नाही, २७० वर असेल तर आहे. हे गणित न करता “रात्रीत प्रेशर पडलं” म्हणून चांगल्या कॉइली बदलल्या गेलेल्या आहेत, आणि उलटही घडतं. पहाटे भरून दुपारी बघितलं की तापलेला नायट्रोजन लीक झाकतो.

प्रेशर पडलं तर इनडोअरकडचे दोन्ही फ्लेअर उघडून पाइपांची टोकं फ्लेअर प्लगने बंद करायची आणि पाइप वेगळे तपासायचे, कॉइल वेगळी. पाइप टिकले आणि कॉइल पडली, की विषय संपला. दोन्ही टिकले तर मघाचे फ्लेअरच दोषी होते. इनडोअरच्या बाजूला काहीच पडलं नाही तर आउटडोअर. आणि सगळं टिकतंय पण एकत्र जोडल्यावर पडतंय, तर व्हॉल्व्हच्या दांड्याची पॅकिंग, पिन आणि टोप्या बघा. पिनच्या जागी टोपीच गॅस अडवून बसलेली असते, आणि ती हरवलेली किंवा रबराशिवाय बसवलेली अनेकदा आढळते.

इथे दोन गोष्टी ठासून सांगतो. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही नाही. गॅस वेल्डिंगची टाकी हाताशी असते म्हणून हा मोह होतो, पण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो. हवा भरायच्या कॉम्प्रेसरने प्रेशर टेस्ट करणंही चूक. हवेतली ओल आत जाते, आणि आर-३२ शिल्लक असेल तर जळू शकणारं मिश्रण तयार होतं.

व्हॅक्युमला लीक टेस्ट म्हणणारेही भेटतील. व्हॅक्युम पंप ओल आणि हवा काढायला लागतोच. ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्युम मोजायचं एकक, आकडा जितका लहान तितकी आत हवा कमी) खेचून पंप बंद केल्यावर मायक्रॉन गेजचा आकडा बघणं उपयोगाचंही आहे: वर जाऊन दीड-दोन हजाराच्या आसपास थांबला तर आत ओल, थांबायचं नावच घेत नसेल तर लीक. पण व्हॅक्युममध्ये आत-बाहेरचा फरक जेमतेम १४.७ पीएसआयचा, आणि मशीन चालताना तोच जोड ३००-४०० पीएसआय झेलतो. शिवाय दाबाची दिशा उलटी. एखादा जोड आत ओढला गेल्यावर घट्ट बसतो आणि बाहेर ढकलला गेल्यावर गळतो. साध्या गेजवर काटा तीसच्या खुणेवर स्थिर दिसला, म्हणजे काहीही सिद्ध झालं नाही.

कॉइलच गळते असं ठरल्यावर नेमकी जागा बघायची असेल तर ती काढून वर्कशॉपमध्ये आणायची. एका टोकाला प्लग, दुसऱ्याला नायट्रोजन, दीडशे-दोनशे पीएसआय, आणि पाण्याच्या पसरट टाकीत पूर्ण बुडवायची. सुरुवातीला फिनमध्ये अडकलेल्या हवेचे बुडबुडे निघतात, त्यांना हाताने झटकून टाकायचं आणि पाणी शांत होऊ द्यायचं. मग दिव्याखाली बघत बसायचं. खराब कॉइलमध्ये फिनच्या मधून मोत्यांची माळ वर यावी तशी एक सरळ रेघ उठते, सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, दर दोन-तीन सेकंदांनी एक. बारकाईने पाहिलं तर बाजूला दुसरी रेघ, आणखी मंद. तिसरी कधी दहा मिनिटांनी दिसते. एवढ्याशा रेघेतून वर्षभरात अख्खा गॅस जातो.

त्या दोन-तीन रेघांमध्येच तुमच्या प्रश्नाचं उत्तर असण्याची शक्यता आहे. तांब्याच्या कॉइलला दोन प्रकारे कीड लागते. एक म्हणजे फॉर्मिक किंवा ॲसिटिक आम्लाची. नवीन प्लायवूड, चिकटवायचा गोंद, रंग, काही क्लीनर यांतून निघणारी वाफ कॉइलवरच्या ओलीत विरघळते आणि तांब्याच्या भिंतीत आडवीतिडवी, वारुळातल्या वाटांसारखी बारीक बिळं पाडते. वरून फक्त टिंबं दिसतात. दुसरी गटाराच्या वायूची. नाला, खाडीची दलदल, ड्रेनेजची टाकी यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं काळं पाडतो आणि खातो. घरातली चांदीची निरांजनं, पितळी समई, बाथरूमचे नळ पुसले तरी आठवड्यात काळे पडतात का, बघा. पडत असतील तर कॉइलवरही तेच चाललंय. कोकणपट्टीत याच्या जोडीला खारी हवा असतेच, ती आउटडोअरचे फिन आणि पत्रा आधी खाते.

अशा कॉइलला एक भोक बुजवून काही होत नाही. ब्रेझिंगने (धातू वितळवून भरण्याने) आज दिसलेलं भोक बंद होतं, शेजारचं पुढच्या वर्षी उघडतं. म्हणून यू-बेंडच्या जोडावर एकच लीक असेल तर ब्रेझिंग करा, आणि तेही आतून हळू नायट्रोजन वाहता ठेवून, नाहीतर आतल्या काळ्या पापुद्र्याने कॅपिलरी (गॅस जाणारी केसासारखी बारीक नळी) चोक होते. फिनच्या आत नळीच्या अंगावर लीक असेल तर कॉइल बदला. तिसऱ्या मेकॅनिकचं म्हणणं बरोबर निघू शकतं ते असं, पण दाखवल्याशिवाय मानू नका.

बाकीच्या पद्धती झटपट. तेलात रंग मिसळून निळ्या-जांभळ्या दिव्यात बघणं गाडीच्या एसीला छान. घरच्या स्प्लिटमध्ये रंग घालण्याआधी कंपनीची वॉरंटी तपासा. अल्ट्रासॉनिक यंत्र लीकचा माणसाला न ऐकू येणारा, ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज पकडतं, नायट्रोजनवरही चालतं, पण बारीक लीक आवाजच करत नाही. कारखान्यांत नवीन कॉइली हेलियम भरून तपासतात, ते आपल्या आवाक्यातलं नाही. जुन्या लोकांकडचा हॅलाइड दिवा, ज्याची ज्योत गॅस लागला की हिरवी व्हायची, तो क्लोरीन असलेल्या आर-१२ आणि आर-२२ पुरताच होता. आर-३२ हा जळू शकणारा गॅस आहे, त्याच्याजवळ ज्योत नेणारा माणूस घरातच घेऊ नका.

फ्रिजबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तोच मेकॅनिक तीच हत्यारं तिथेही चालवतो म्हणून सांगतो. आजचे बरेच घरगुती फ्रिज आर-६००ए वर, म्हणजे आयसोब्युटेनवर चालतात, अवघ्या ५० ग्रॅमच्या आसपास. त्यात क्लोरीन-फ्लोरीन नसल्याने एसीचा गरम सेन्सरवाला डिटेक्टर तिथे मुका. ज्वालाग्राही वायूचा वेगळा डिटेक्टर लागतो. दुसरी खोच अशी, की चालू असताना या फ्रिजची लो साइड व्हॅक्युममध्ये असू शकते. तिथे भोक असेल तर गॅस बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून फ्रिज बंद करून प्रेशर सारखं झाल्यावर किंवा नायट्रोजनवरच तपासायचं. फ्रीजरचा बर्फ सुरीने खरवडताना अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला पडलेलं भोक मात्र कुठल्याही यंत्राशिवाय दिसतं.

आणि शीतगृहातला अमोनिया, सांगली-तासगावची बेदाण्याची कोल्ड स्टोरेज असोत की बंदरावरचे बर्फाचे कारखाने, हा वेगळाच प्राणी. हवेपेक्षा हलका, म्हणून वर शोधायचा. लीक आहे हे नाक आधीच सांगतं. नेमकी जागा गंधकाच्या पेटत्या वातीने कळते, कारण अमोनिया भेटला की दाट पांढरा धूर होतो. ओला लिटमस कागदही चालतो. पण वास डोळ्यांना झोंबायला लागला की शोधाशोध थांबवून बाहेर पडायचं आणि मास्कवाल्यांना आत जाऊ द्यायचं. हवेत ३०० पीपीएम (दहा लाखात ३०० भाग) झाला तर जिवाला धोका असतो, आणि त्यापुढे बराच साचला तर तो पेटतोही, तेव्हा तिथे वात पेटवणंही नाही.

आता तुमच्या मशीनकडे. तीन वर्षं बिनतक्रार चालणं, मग दर आठ-दहा महिन्यांनी गॅस संपणं, मागे नाला, साबणाला काही न सापडणं: माझा अंदाज इनडोअर कॉइलचा आहे. फ्लेअर वाईट असता तर बहुधा पहिल्याच वर्षी त्रास दिला असता. पण अंदाजावर पैसे खर्च करू नका. या वेळी गॅस भरू देण्याआधी नायट्रोजन टेस्ट मागा, पाइप आणि कॉइल वेगळी करून, रात्रभर, सुरुवातीचं आणि शेवटचं प्रेशर व तापमान कागदावर लिहून. कंपनीच्या वॉरंटी कार्डावर इव्हॅपोरेटर कॉइलची मुदत किती आहे ते बघा. काही मॉडेल्सना कॉम्प्रेसरइतकी नसली तरी एका वर्षापेक्षा जास्त असते, आणि गंजाबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. कॉइल बदलायचीच झाली तर लेप दिलेली मिळते का विचारा. नवीन कॉइल बसल्यावर दोन्ही फ्लेअर नव्याने काढायला लावा, जुन्यावर नट आवळून चालणार नाही. पुन्हा नायट्रोजन, मग ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्युम, मग पट्टीवरच्या वजनाइतका गॅस काट्यावर. पाइप कंपनीने धरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर प्रत्येक जादा मीटरला किती ग्रॅम घालायचे ते पुस्तिकेत दिलेलं असतं. भरलेला आकडा आणि तारीख आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून घ्या, पुढच्या माणसाला सुरुवात तिथून करता येते.